बडीशेपेची वाटी

हडपसरच्या गाडीतळावरून सोलापूरच्या अंगाला चालायला लागलं की डाव्या हाताला एक दोन फळ्यांचं दार होतं. दाराच्या आत जाड हिरवा पडदा, आणि दार व पडदा यांच्या मधल्या दोन हात जागेत लाकडी स्टुलावर मच्छिंद्र. पंचवीस वर्षं ही तिघं तिथं होती. त्यांतला पडदा तेवढा तीनदा बदलला.

दारावर पाटी होती, मयूर परमिट रूम. तिच्याखाली बारीक अक्षरांत, रंगाऱ्याने डब्यात उरलेल्या रंगाने लिहिलेली एक ओळ होती, लहान मुलांना आत सोडणार नाही. ही ओळ मच्छिंद्रने लिहून घेतली होती. मालक सर्जेराव तेव्हा हसले होते.

"अरे, पोरं कशाला येतील इथं प्यायला?"

"प्यायला न्हाई येत, मालक," मच्छिंद्र म्हणाला होता. "न्यायला येतात."

मच्छिंद्र मूळचा यवतच्या पलीकडचा. अंगाने उंच, मिशी भरघोस, आवाज मात्र गाभाऱ्यात बोलावं तसा खालच्या पट्टीतला. पुण्यात आल्यावर आधी चार वर्षं त्याने बुधवार पेठेतल्या एका खाणावळीत ताटं वाढली. तिथं तो एक गोष्ट शिकला, की जेवणाऱ्याला ऊठ म्हणायचं नसतं. बडीशेपेची वाटी पुढे ठेवायची. वाटी आली की माणूस आपण होऊन उठतो. त्याचा मान राहतो आणि जागाही मोकळी होते. एवढी विद्या गाठीला बांधून तो शहात्तर साली मयूरमध्ये आला, आणि सर्जेरावांनी मिशी बघून त्याला दारात बसवलं. त्याने स्वतः कधी थेंब तोंडात घेतला नाही. त्याचा त्याला तोरा नव्हता. पोहणाऱ्यांच्या घोळक्यात काठावर बसणारा एक लागतोच, कपडे सांभाळायला, असं तो म्हणायचा.

पहिली तीन वर्षं पोरं येत आणि सरळ आत जात. कारखान्याची पाळी सुटून तास उलटला, चुलीवरची भाकरी निवली, की आई पोरीला धाडायची. बहुतेक पोरीलाच. बायको आली तर माणूस भांडेल, मुलगा आला तर त्याच्या डोक्यात टपली मारील, पण दोन वेण्या घातलेली पोर समोर उभी राहिली की बापाला काही सुचत नाही, हे त्या बायांना पक्कं ठाऊक होतं.

एके संध्याकाळी अशीच एक पोर आली. सातेक वर्षांची, तेल लावून केस चप्प बसवलेले. तिचा बाप लेथवर काम करणारा, हात सोन्याचा म्हणून कारखान्यात नाव असलेला. त्या दिवशी तो दातांत रुमालाची दोन टोकं धरून नागाचा नाच करत होता, आणि भोवती टाळ्या चालल्या होत्या. पोर पडद्यातून आत गेली आणि सगळे हसतायत बघून आधी तीही हसली. आपल्या बापाचं कौतुक चाललंय असं तिला वाटलं असावं. मग कोणीतरी त्याच्या अंगावर खारे शेंगदाणे फेकले, आणि तो ओणवा होऊन जमिनीवरचे दाणे तोंडाने वेचायला लागला. पोरीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं. ते कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं. बापाने मान वर केली तेव्हा समोर तिचे पाय होते.

तो माणूस पुढेही वर्षानुवर्षं येत राहिला. त्याला न्यायला मात्र पुन्हा कोणी आलं नाही.

त्या नाचाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्रने रंगाऱ्याला बोलावलं.

त्या दिवसापासून मयूरमध्ये एक रीत पडली. पोर आली की मच्छिंद्र तिला दाराबाहेरच्या बाकावर बसवायचा. हातात मूठभर दाणे, उन्हाळा असला तर लिंबाचं सरबत. नाव विचारायचा, बापाचं नाव विचारायचा, आणि आत जायचा. आत जाऊन एक अक्षर बोलायचा नाही. गल्ल्यावरची बडीशेपेची वाटी उचलायची आणि त्या माणसासमोर, पेल्याच्या उजव्या बाजूला, आवाज न करता ठेवायची. बस. अख्ख्या खोलीला कळायचं की ह्याचं लेकरू दारात आलंय. आणि ह्या एका गोष्टीची चेष्टा करायची नाही, हेही कोणी न सांगता ठरून गेलं होतं. समोर वाटी आलेला माणूस चूळ भरायचा, शर्ट खोचायचा, केसांवरून ओला हात फिरवायचा. पडद्याबाहेर येईपर्यंत त्याचा जेवढा जमेल तेवढा बाप झालेला असायचा.

शनिवार पेठेतले दिगंबरपंत म्हणून एक गिऱ्हाईक होते, कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून बसने एवढ्या लांब हडपसरला येऊन प्यायचे. कोपऱ्यात बसून वाट्यांची ही ये-जा बघायचे. एकदा ते म्हणाले, "मच्छिंद्र, आमच्यापुढे कधी ठेवत नाही तुम्ही वाटी."

"तुमच्याकडचं कुणी येत न्हाई, पंत."

"कसं येणार? बसभाडं घालून न्यावं एवढी आमची घरात किंमत नाही."

मच्छिंद्र हसला नाही. पंतही हसले नव्हते.

घरी जेवताना तो हे सगळं बायकोला, शकुंतलेला सांगायचा. आज अमक्याला वाटी दिली, आज तमक्याची धाकटी आली होती, आता तिला रस्ता ओलांडता येतो. मुलगा बजरंग अंथरुणातून ऐकत असायचा. मच्छिंद्रचा सगळा अभिमान एका वाक्यात मावायचा, आणि ते वाक्य तो बायकोला अधूनमधून ऐकवायचा, "माझ्या पोराला कधी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं न्हाई."

वर्षं गेली. शकुंतला एका पावसाळ्यात तापाने गेली. बजरंग कारखान्यात लागला, विजयमाला सून म्हणून घरात आली, आणि तिला मुलगी झाली तेव्हा आजीचंच नाव ठेवलं. हाक मारायला शकू. मच्छिंद्रला त्या नावाने पोरीला हाक मारायला वर्षभर जड गेलं, मग सवय झाली.

हडपसरही बदललं. ऊस गेला, गाजरं गेली, उंच इमारतींचे सांगाडे उभे राहिले. सर्जेराव वारले आणि धंदा त्यांच्या मुलाच्या, संभाजीच्या हातात आला. पोरगा वाईट नव्हता. मच्छिंद्रला मामाच म्हणायचा. पण त्याने मागची दोन गुंठे जागा साफ करून तिथं हिरवळ लावली, वेताच्या खुर्च्या टाकल्या, कोपऱ्यात घसरगुंडी आणि झोका बसवला. पाटी उतरली. नवी पाटी चढली, मयूर फॅमिली गार्डन. खालची बारीक ओळ गेली. पडदा गेला.

मच्छिंद्र त्या दिवशी संभाजीकडे गेला. असा तो आयुष्यात दुसऱ्यांदाच मालकापुढे उभा राहिला होता.

"बाकी काय बी करा, मालक. पोरं आत नकोत."

"मामा, बसा आधी," संभाजी म्हणाला. "मला एक सांगा. तुम्ही पंचवीस वर्षं पडदा धरला. एकाची तरी दारू सुटली का?"

मच्छिंद्रने पडद्याच्या रिकाम्या दांडीकडे बघितलं.

"नाही ना. उलट पोरगी आत येत नाही म्हटल्यावर माणूस निवांत पीत होता. आता बायकापोरं समोर असली की कोणी शिवी देत नाही, कोणी टेबलावर चढत नाही. दोन घेतात, जेवतात, जातात. लपवून काय मिळवलंत तुम्ही?"

"लपवत नव्हतो," मच्छिंद्र म्हणाला. "धुऊन देत होतो."

संभाजीला ते कळलं नाही, किंवा कळूनही त्याचा धंद्याला उपयोग नव्हता. पण त्याचा प्रश्न मच्छिंद्रच्या मनात बाभळीच्या काट्यासारखा मोडून बसला. कारण बाकावरची ती पोरं त्याला आठवत होती. सरबत बरं लागतंय म्हणून सावकाश पिणारी. आणि आत त्यांचे बाप, पोर बसलीय ना मामांपाशी, मग एक होऊ दे अजून, म्हणणारे. वाटी आल्यावर लगेच उठणारे पहिल्या पहिल्या वर्षांतले. पुढे पुढे वाटीकडे बघून मान हलवायचे आणि अर्धा तास बसायचे. बाक आपणच टाकला होता. तो इतका सुखाचा नसता केला तर, असं त्याला कधी कधी वाटायचं.

नव्या बागेत त्याला फाटकाशी उभं केलं. गाड्या लावून घ्यायच्या, सलाम करायचा. आणि एका रविवारी दिवेलागणीच्या आधी बजरंगची मोटारसायकल फाटकात येऊन थांबली. पुढे टाकीवर शकू, नवा फ्रॉक घातलेली.

बजरंग पितो हे मच्छिंद्रला माहीत होतं. कुठे पितो हे त्याने कधी विचारलं नव्हतं. बापाच्या दारात तो इतकी वर्षं आला नव्हता, एवढ्याला तो मान समजत होता.

"इथं कशाला आलास?" मच्छिंद्रने हळू विचारलं.

"आता फॅमिली गार्डन हाय की, आबा. पोरं चालतात."

"पोरीला घरी सोडून ये."

बजरंग गाडीवरून उतरला. त्याने शकूला खाली ठेवलं आणि ती झोक्याकडे पळेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "मी दुसरीत होतो तेव्हा एकदा गाडीतळापर्यंत आलो होतो. तुम्हाला बघायला. तुम्ही बाकावर कुणाच्या तरी पोरीला सरबत देत होता. मी हात केला. तुम्ही लांबूनच हातानं सांगितलंत, मागं फिर."

मच्छिंद्रला काहीच आठवेना. असं झालं असणार एवढं मात्र त्याला लगेच पटलं.

"मला वाटलं, सरबत तरी मिळंल," बजरंग म्हणाला, आणि आत गेला.

घरी मच्छिंद्रने सुनेला विचारलं. विजयमाला भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"मीच धाडते तिला, मामंजी."

"अगं, बारमध्ये?"

"पोर संगं असली की गाडी हळू चालवतात. पुढं टाकीवर ती बसलेली असते ना. मागच्या दिवाळीत कालव्याच्या पुलाला धडकले तेव्हा एकटेच होते." तिने पातेलं पालथं घातलं. "आणि आठाच्या आत घरी येतात. तुमच्याकडं दुसरा काय उपाय असंल तर सांगा. मी तसं करीन."

मच्छिंद्रकडे उपाय नव्हता. त्याच्याकडे एक वाटी होती.

रविवारमागून रविवार गेले. बजरंग झोक्याजवळच्याच टेबलाशी बसायचा. शकू झोका घ्यायची, मधूनच पळत येऊन बटाट्याच्या तळलेल्या काड्या तोंडात कोंबायची, पुन्हा पळायची. वेटर पोरं तिला नावाने ओळखायला लागली. पहिल्या बाटलीला बजरंग मुका असायचा. दुसरीला त्याच्या कपाळावरची आठी सैल व्हायची. तिसरीला तो शकूला मांडीवर घेऊन कारखान्यातल्या साहेबांच्या नकला करून दाखवायचा, आणि पोर इतकी खिदळायची की शेजारची कुटुंबं वळून बघून हसायची. चौथीनंतर काय होतं ते मच्छिंद्रला ठाऊक होतं. नव्या वेटरांना ठाऊक नव्हतं. दारूचा जिना चढताना पायऱ्या दिसतात, उतरताना दिसत नाहीत, आणि मच्छिंद्रने असे जिने पंचवीस वर्षं पाहिले होते.

त्या रविवारी तिसरी संपत आली होती. बजरंगने चौथीसाठी हात वर केला. मच्छिंद्रने फाटक सोडलं. गल्ल्यापाशी गेला. बडीशेपेची वाटी आता स्टीलची नव्हती, काचेची होती, आणि त्यात रंगीत साखरेच्या गोळ्या मिसळलेल्या होत्या. ती त्याने उचलली, हिरवळीवरून चालत गेला, आणि मुलासमोर, पेल्याच्या उजव्या बाजूला, आवाज न करता ठेवली.

आजूबाजूला कोणालाच काही कळलं नाही. ती रीत जाणणारं गिऱ्हाईक त्या बागेत उरलं नव्हतं. पण बजरंगला कळलं. अंथरुणात पडून त्याने ते सगळं लहानपणी ऐकलेलं होतं. तो वाटीकडे बघत राहिला. बापाकडे बघितलं नाही. मग त्याचा हात हळूच गळ्याशी गेला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. मच्छिंद्रने असं बटण लावताना शेकडो माणसं पाहिली होती. उठतोय, त्याच्या मनात आलं. माझा पोरगा उठतोय.

तेवढ्यात शकू झोक्यावरून उतरून पळत आली. तिला धाप लागली होती. तिने टेबलावर बघितलं, वाटी बघितली, आणि तिचं तोंड उतरलं. बडीशेप आली की निघायचं असतं, हे तिला एवढ्या रविवारांत कळलेलं होतं. तिने दोन्ही हातांनी वाटी उचलली, एक गोळीही सांडू न देता, आणि आजोबापुढे धरली.

"आबा, इतक्यात नको ना."

"शकू, ठेव ती खाली."

"पप्पा आत्ता कुठं हसायला लागलेत," ती म्हणाली. कुजबुजावं तसं, गुपित सांगावं तसं. "घरी गेल्यावर न्हाई हसत."

वाटी तिने त्याच्या हातात दिली. बजरंगने हे ऐकलं. तो क्षणभर पोरीकडे बघत राहिला, मग मोठ्याने हसला. तिच्यासाठीच हसला असावा, कारण डोळे हसत नव्हते. गळ्याचं बटण त्याने काढलं आणि वेटरला पुन्हा हात केला.

मच्छिंद्र वाटी घेऊन उभा राहिला. इतकी वर्षं त्याच्या दारात पोरं आली ती बापाला घरी न्यायला. बापाला इथंच ठेवा म्हणणारं हे पहिलं लेकरू, आणि ते त्याच्या घरातलं होतं. तिला तरी काय म्हणायचं. ज्या जागी बाप मांडीवर घेतो, ती जागा पोर सोडील कशाला. पडदा असता तर तिला हे हसणं दिसलं नसतं. पण पडदा होता तेव्हा आपला पोरगा गाडीतळावरून मागं फिरला होता. दोन्ही बाजूंनी विचार करून तो दमला. बागेत दिवे लागले, आणि कोणीतरी फाटकाशी हॉर्न वाजवत होतं.

वाटी त्याने गल्ल्यावर परत ठेवली. त्यानंतर ती त्याने कधी उचलली नाही.

सोमवारी दुपारी, बाग रिकामी असताना, त्याने माळ्याला हाताशी घेतलं. झोक्याचे चार खांब उकरून काढले आणि कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून पुन्हा पुरले. समोर भिंतीवर मधुमालतीचा वेल होता. झोका घेणाऱ्याला फुलं दिसतील, मागची टेबलं दिसणार नाहीत. झोक्याला मागे उंच पाठ असल्यामुळे वळूनही बघता येत नव्हतं. संभाजीने विचारलं तर मच्छिंद्र म्हणाला, "पोरांच्या डोळ्यांवर ऊन येतं." साठीला आलेला माणूस दोन तास पहार चालवत होता. माळी बस म्हणत होता तरी त्याने माती चोपून चोपून घट्ट केली.

पुढच्या रविवारी बजरंग आला. शकू पळत झोक्याकडे गेली आणि थबकली. भिंत बघितली, वेल बघितला. मच्छिंद्र फाटक सोडून तिच्या मागे आला होता.

"बस. मी देतो झोका."

ती बसली. दोन हेलकावे घेतले. मग पाय घासून तिने झोका थांबवला, फळीवर उभी राहिली, वळली, आणि गुडघे दुमडून पाठीच्या फळीला पोटाशी धरून उलटी बसली. आता तिचं तोंड टेबलांकडे होतं.

"अशी पडशील, शकू. सरळ बस."

"इकडून पप्पा दिसत न्हाईत."

"फुलं बघ की. किती आलीत."

"आईनं सांगितलंय," ती म्हणाली. आठ वर्षांची पोर, पण आवाज पाळीवर आलेल्या माणसाचा होता. "पप्पांवर लक्ष ठेवायचं. तुम्ही हळू द्या झोका, आबा. जोरात दिला की मला नीट दिसत न्हाई."

मच्छिंद्र भिंतीच्या बाजूला गेला. वेलाला पाठ लावून उभा राहिला. तिथून त्याला तिच्या दोन वेण्या दिसत होत्या आणि वेण्यांच्या पलीकडे, लांब, पेल्यावर वाकलेला मुलगा. त्याने झोक्याच्या साखळीला हात घातला आणि तिची नजर टेबलावरून हलणार नाही एवढ्या बेताने ढकलायला लागला.